फडक्याच्या आधी पाणी

"करवंदीच्या जाळ्यांतून गाडी घातली तेव्हा रंगाची फिकीर केली नाही, आणि आता धुताना म्हणता हात हळू लावा? जी गाडी चिखलात लोळवायलाच घेतली तिच्या अंगावर चरे पडायचेच. चार चरे दिसले तर गाडी वापरातली आहे हे तरी कळतं." थार, गुरखा, जिमनी घेऊन पावसाळ्यात ताम्हिणी, मुळशी, इगतपुरीच्या बाजूला जाणाऱ्या मंडळींत हे मत सर्रास ऐकू येतं, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. फांदीने ओढलेला चरा त्या प्रवासाचाच भाग असतो. तो टाळायचा म्हणजे वाटच टाळायची, आणि मग अशी गाडी घेण्यात अर्थ उरत नाही. पण या मतात एक गल्लत आहे. रानातून आलेल्या गाडीच्या अंगावरचे सगळेच चरे रानात पडलेले नसतात. मोजायला बसलं तर मोजता येणार नाहीत इतके चरे घरी आल्यावर, अंगणात किंवा वॉशिंग सेंटरवर, बादली आणि फडकं घेऊन माणसाने पाडलेले असतात. नुसता बसलेला चिखल रंगाला चरे पाडत नाही, त्याच्यावरून फिरणारा हात पाडतो. म्हणून चिखल पुसायचा नसतो, भिजवून सोडवायचा असतो, आणि हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. हे म्हणणं मला पुराव्यानिशी मांडायचं आहे.

दोन्ही प्रकारचे चरे शेजारी शेजारी पाहिले की फरक कळतो. फांदीचा चरा लांब असतो, दारावर आडवा, एकाच दिशेने गेलेला. तो कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते बोट ठेवून दाखवता येतं. धुताना पडलेले चरे केसाहून बारीक असतात आणि सावलीत दिसतही नाहीत. गडद रंगाची गाडी उन्हात उभी करून बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब जिथे पडतं तिथे बघावं. त्याच्याभोवती कोळ्याने जाळं विणावं तशी गोल गोल रेघांची चकती दिसते. आपण दोन पावलं बाजूला सरकलो की चकतीही आपल्याबरोबर सरकते. रेघा खरोखर गोल असत्या तर त्या जागच्या हलल्या नसत्या. त्या सगळ्या बॉनेटभर, सगळ्या दिशांनी पसरलेल्या असतात. त्यांतल्या ज्या प्रकाशाला आडव्या येतात तेवढ्याच चमकतात आणि त्या मिळून वर्तुळ भासतं. रानात एका दिवसात चार-सहा फांद्या घासल्या असतील. ही जाळी मात्र दर धुण्याला नव्याने विणली जाते.

"असू द्यात की. वर्षा-दोन वर्षांनी रबिंग-पॉलिश करून घेतलं की सगळं जातं." जातं खरं, पण ते कुठे जातं हे पाहिलं पाहिजे. कारखान्यातून आलेल्या गाडीवरचे रंगाचे सगळे थर, तळाच्या गंजरोधक थरापासून वरच्या पारदर्शक थरापर्यंत, मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला वरचा क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. आपल्या डोक्याचा एक केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे गाडीची सगळी चमक केसाहून पातळ थरात साठवलेली. पॉलिश चरे भरून काढत नाही. चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासून काढतं, म्हणून चरा दिसेनासा होतो. उन्हातली अतिनील किरणं अडवणारी द्रव्यं याच थरात असतात. तो वारंवार घासला गेला की आठ-दहा वर्षांनी टपावर आणि बॉनेटवर पांढरट पोपडे सुटतात, आणि मग रंगकाम करण्यावाचून इलाज राहत नाही. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. धुण्याचे बारीक चरे पत्र्यापर्यंत पोचत नाहीत, त्यांनी गाडी गंजत नाही. चऱ्यांनी गाडी सडते असं सांगून कुणी घाबरवत असेल तर ते खोटं आहे. नुकसान आहे ते रंगाच्या आयुष्याचं.

इथे मावळ-मराठवाड्याकडचा गडी मध्येच अडवतो. "पण आमची काळी माती लोण्यासारखी मऊ. समुद्राकाठची वाळू असती तर गोष्ट वेगळी. या मातीने काय चरे पडणार?" हा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो निम्मा खरा आहे. ओली काळी माती अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळून पाहावी. आधी ती साबणासारखी बुळबुळीत लागते. आणखी चोळत राहिलं की मध्येच काहीतरी कचकन लागतं, दाताखाली भाकरीतला खडा यावा तसं. बुळबुळीत भाग चिकणमातीचा. तिचे कण दोन मायक्रॉनहूनही लहान आणि इतके मऊ की रंगाला त्यांचं भय नाही. चरे पाडते ती कच. फ्रेडरिक मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी उतरंड लावली. कोण कोणावर ओरखडा पाडू शकतं एवढाच तिचा निकष. तिच्यात शंखजिरं एकवर, हिरा दहावर, वाळूतला क्वार्ट्झ सातवर, फेल्डस्पार सहावर. खिडकीची काच साधारण साडेपाचवर येते. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, आणि त्यात क्वार्ट्झ जवळजवळ नसतो हे खरं. पण तो ज्या दोन खनिजांचा मुख्यत्वे बनलेला आहे त्यांपैकी फेल्डस्पार सहावर आणि पायरॉक्सिन पाच-सहाच्या घरात. शिवाय या दगडाच्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक तयार होतात. तेही क्वार्ट्झचेच प्रकार, दगड झिजला की मातीत येतात. कोकणातला नि महाबळेश्वर-माथेरानच्या माथ्यावरचा जांभा झिजून जी तांबडी माती होते तिच्यातला लोहखनिजाचा कण पाच ते साडेसहापर्यंत जातो. त्यांच्यापुढे क्लिअर कोट म्हणजे प्लॅस्टिकचा पापुद्रा. रंगाचा कडकपणा तपासायला कारखान्यांत वेगवेगळ्या कडकपणाच्या शिसपेन्सिली त्यावर ओढून पाहतात. ज्याची परीक्षा पेन्सिलीने होते त्यावर मुरमाचा कण दाबून ओढला तर काय होईल हे सांगायला नको.

काळी माती मऊ आहे म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. उलट तिच्या मऊपणामुळेच कच गाडीला धरून राहते. वाळू कोरडी झाली की झडून पडते. चिकणमाती डिंकासारखी, ती खडा, मुरूम, गवताची काडी सगळं एकजीव करून दाराला लिंपून ठेवते. त्यावर ओलं फडकं फिरवलं की डिंकातली कच मोकळी होते आणि फडक्याच्या विणीत अडकून त्याच्याबरोबर फिरते. त्या क्षणी फडकं पॉलिश पेपर झालेलं असतं, फक्त हाताला ते कळत नाही, कारण हाताला जाणवतो तो वरचा बुळबुळीतपणा.

म्हणून डिंक आधी सोडवायचा. ही गोष्ट शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही. उन्हात तापलेलं ढेकूळ कुदळीने फोडायला जावं तर हाताला झिणझिण्या येतात, आणि तेच ढेकूळ वळवाच्या सरीत आपोआप विरघळतं. माती कोरडी असते तेव्हा तिच्या पोकळ्यांत हवा असते. पाणी आत शिरलं की ती हवा कोंडते, चिकणमातीचे थर फुगू लागतात, आणि ढेकूळ आतूनच फुटतं. गाडीवरचा वाळलेला चिखल हे ढेकूळच आहे. त्याला हवं असतं ते पाणी आणि वेळ, जोर नव्हे. गाडी सावलीत उभी करून टपापासून खाली सगळीकडे हलक्या फवाऱ्याने ओली करावी, दहा मिनिटं थांबावं, पुन्हा ओली करावी. वरून सोडलेलं पाणी ओघळत खाली येतं आणि सगळ्यात जास्त माखलेल्या दारांच्या खालच्या भागाला आणि मडगार्डला दुसऱ्यांदा भिजवतं. उन्हात हेच केलं तर चिखल भिजण्याआधी वाळतो आणि सगळी मेहनत फुकट जाते. वीस-पंचवीस मिनिटांनी पाण्याचा झोत मारला की चिखलाची सालपटं नुसती निसटतात.

"वेळ कोणाकडे आहे? पर्यटकांची फेरी संपवून संध्याकाळी गाडी येते, पहाटे पुन्हा दारात लागते." ज्याचं पोट गाडीवर आहे त्याचा हा प्रश्न रास्त आहे. पण भिजायला लागणारा वेळ गाडीचा असतो, माणसाचा नाही. ओली करून ठेवावी, चहा घ्यावा, हिशोब लिहावा. कोरड्या चिखलाशी फडक्याने झटापट करण्यात जे कष्ट जातात ते यात वाचतात. ताडोब्यासारख्या जंगलात पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं, तिथल्या उघड्या जिप्सींचा खरा शत्रू चिखलापेक्षा उन्हाळ्यातली धूळ. तिथे तर धोका जास्तच, कारण धूळ निरुपद्रवी दिसते आणि सहज कोरडं फडकं मारलं जातं. काच पुसली, दिवे पुसले, नंबर प्लेट दिसू लागली, तेवढं पुरे. बाकी धूळ पाणी मिळेपर्यंत अंगावर राहू द्यावी. धूळ बसून राहिली म्हणून चरे पडत नाहीत.

आता वॉशिंग सेंटरची बाजू. "गन आहे ना. दोन मिनिटांत सगळं साफ, हात लावायची गरजच काय?" प्रेशर गन हे उत्तम हत्यार आहे, हे मीही मानतो. पण तिच्या दोन अडचणी आहेत. पहिली अडचण घाईची. न भिजलेल्या चिखलावर अगदी जवळून, सुईसारखा झोत लावला की खडा बाजूला उडण्याऐवजी आधी रंगावर आदळतो, आणि जिथे दगड लागून रंगाचा टवका उडालेला असतो तिथे पाणी कडेखाली शिरून पापुद्रा आणखी उचलतं. झोत पंख्यासारखा पसरट ठेवावा, हातभर अंतरावरून आणि तिरपा मारावा, म्हणजे चिखल पृष्ठभागावरून ढकलला जातो. रेडिएटरच्या पातळ पात्यांवर, वायरिंगच्या जोडांवर, दारांच्या रबरावर तो जवळून मारूच नये. दुसरी अडचण गनच्या आवाक्याबाहेरची आहे. पाणी कितीही वेगाने वाहिलं तरी रंगाला अगदी चिकटून असलेला त्याचा थर जवळपास स्थिर असतो. पंख्याचं पातं दिवसभर वाऱ्यात फिरतं तरी त्यावर धूळ साचते ती याच कारणाने. त्या स्थिर थराच्या आत दडलेली मातीची साय गनने निघत नाही. गाडी ओली असताना चकचकीत दिसते, वाळली की राखाडी. ती साय काढायला हात लागतोच. तेव्हा गन पुरेशी नाही आणि हात टाळता येत नाही, दोन्ही खरं. प्रश्न क्रमाचा आहे.

क्रमाविषयीच एक गोष्ट इथे सांगतो, कारण 'वरून खाली' हा नियम सगळे पाठ म्हणतात आणि चिखलाच्या गाडीला तो जसाच्या तसा लागू होत नाही. चाकांच्या वरच्या कमानी, चासीच्या पट्ट्या, फूटबोर्डची आतली बाजू इथे घमेलंभर गाळ बसलेला असतो. स्वच्छ केलेल्या दाराशेजारी तो गाळ उडवला की सगळे शिंतोडे पुन्हा दारावर. भिजवणं वरून, पण गाळ काढणं आधी खालून, आणि मगच वरचं अंग. खालची बाजू झाल्यावर तिथे डिझेल मारायची पद्धत अजूनही काही ठिकाणी आहे. ती सोडलेली बरी. डिझेलने रबरी बुश फुगतात आणि तेलकटपणावर पुढची धूळ आणखी घट्ट बसते.

मला ज्या आक्षेपाने खरोखर विचारात पाडलं तो पाण्याचा आहे. "गावाला टँकरने पाणी येतं, बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या, आणि तुम्ही जीप दोनदा भिजवायला सांगता?" याला गुळमुळीत उत्तर देणं योग्य नाही. जिथे पिण्याच्या पाण्याचे हाल आहेत तिथे गाडी धुऊ नये, चमक गेली तरी चालेल. पण इतर वेळी हिशोब असा आहे. साधा नळाचा पाइप एका मिनिटात पंधरा लिटरची बादली भरत असेल, आणि चिखल घासत असताना तो वीस मिनिटं जमिनीवर वाहत राहिला, तर तीनशे लिटर गेले. त्यातलं बरंचसं पाणी चिखलाला शिवलंही नाही. घरगुती प्रेशर गन मिनिटाला साधारण सहा-सात लिटर घेते. आणि भिजवण्यासाठी तर तिचीही गरज नाही. पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप शेतकऱ्याच्या घरी असतोच. त्याचा बारीक फवारा चिखलाला ओलं ठेवतो आणि खाली ओहोळ जाऊ देत नाही. एका पंपात जीप दोनदा भिजते. फक्त तो पंप औषधाचा नसावा, पाण्यासाठी वेगळा ठेवलेला असावा. तणनाशकाचा अंश अंगणातल्या झाडांना आणि आपल्या हातांना नको. मातीला वेळ दिला की पाणी कमी लागतं. वेळ वाचवायला गेलं की पाण्याची उधळपट्टी होते. ज्यांना पाणी वाचवायचं आहे त्यांनीच भिजवण्याचा आग्रह धरायला हवा. पावसाळ्यात तर पन्हाळीखालचं पिंप भरलेलं असतं, आणि ते पाणी बोअरच्या पाण्याहून चांगलं. बोअरचं जड पाणी रंगावर वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात.

शेवटी हात लावायची वेळ येते, आणि इथे दोन बादल्यांवरून वाद होतो. "एक शाम्पूची, एक साध्या पाण्याची, त्यात जाळी, हातमोजा... हे सगळं सामान विकणाऱ्यांचं खूळ." जाळीविषयी मी भांडणार नाही, ती नसली तरी चालतं. दुसऱ्या बादलीविषयी मात्र भांडेन, कारण तिला पैसे पडत नाहीत आणि तिच्यामागचा हिशोब पक्का आहे. पाण्यात कण किती वेगाने खाली बसतो ते त्याच्या आकारावर ठरतं. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण फूटभर खोल बादलीत साधारण अर्ध्या-पाऊण मिनिटात तळ गाठतो. दोन मायक्रॉनचा चिकणमातीचा कण तेवढंच अंतर जायला जवळजवळ एक दिवस घेतो. म्हणजे बादलीतलं पाणी गढूळ दिसलं तर घाबरायचं कारण नाही. गढूळपणा मऊ मातीचा असतो. जिचं भय आहे ती कच तळाला जाऊन बसलेली असते. घाण हातमोजा साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून झटकावा, तळाला न टेकवता बाहेर काढावा, पिळावा, आणि मग शाम्पूत बुडवावा. एकाच बादलीत हे केलं तर दर वेळी तळ ढवळला जातो आणि तीच कच पुन्हा बॉनेटवर येते. सोसायट्यांत रोज सकाळी एकाच बादलीत एकामागून एक गाड्या पुसल्या जातात, तिथे पहिल्या गाडीची कच शेवटच्या गाडीला लागते. दोष पुसणाऱ्याचा नाही. त्याला दुसरी बादली आणि नळाची परवानगी कुणी दिलेली नसते.

शाम्पूचं काम इथे मळ काढण्याहून निसरडेपणा देण्याचं जास्त आहे. उरलासुरला कण पृष्ठभागावर रुतण्याऐवजी घसरून निघावा म्हणून. कपड्यांची पावडर सोड्यामुळे क्षारधर्मी असते, ती रंगावरचं मेण धुऊन नेते. भांड्यांच्या वडीत तर घासण्यासाठीच खनिजाची पूड घातलेली असते, तिचा गाडीशी संबंध येऊ देऊ नये. जुना बनियन, पंचा, स्पंज ही नेहमीची साधनं. स्पंजचा चेहरा सपाट, कण त्याच्यात शिरत नाही, रंग आणि स्पंज यांच्यामध्येच चिरडला जातो. बनियनची शिवण कडक. लांब लवीचा मायक्रोफायबर हातमोजा कण आत ओढून घेतो, म्हणून तो बरा. हात जड ठेवू नये. मोज्याच्या स्वतःच्या वजनाएवढा दाब पुरतो. सरळ रेषेत फिरवावा, आणि चाकांचा मोजा वेगळा. कापडी टपाच्या पारदर्शक खिडक्या रंगाहूनही नाजूक असतात, त्यांना तर ताजा मोजा आणि ताजं पाणी. वाळवताना मोठा मऊ टॉवेल अंथरून पाणी टिपावं, खसाखसा पुसू नये.

"आम्ही फिल्म लावून घेतली आहे," असं म्हणणाऱ्यांना थोडी सूट आहे. जाड पारदर्शक फिल्म बारीक चरे स्वतःवर घेते. सिरॅमिक कोटिंगची गोष्ट तशी नाही. त्याने चिखल लवकर सुटतो, पण त्याचा थर इतका पातळ की दाबून ओढलेला मुरूम तो अडवू शकत नाही. भिजवणं दोघांनाही चुकत नाही.

राहता राहिला शेवटचा आणि सगळ्यात व्यवहारी प्रश्न. "हे सगळं घरी करायला अंगण लागतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने काय करायचं? वॉशिंग सेंटरवरचा पोरगा ऐकणार आहे का?" त्या पोराला गाडीमागे पैसे मिळतात, दिवसाच्या गाड्या मोजल्या जातात, मागे रांग लागलेली असते, त्याला उपदेश करणं अन्यायाचं आहे. त्याला वेळेचे पैसे द्यावेत आणि नेमकं सांगावं. "दादा, आधी नुसती ओली करून बाजूला उभी करतो, तोवर मागच्या दोन गाड्या घ्या. मग खालून गन मारा, वरून फोम मारा, पुन्हा गन. फडकं मारू नका, मोजा आणि टॉवेल मी आणलाय." रांगेतली जागा सोडल्यामुळे त्याचं नुकसान होत नाही, आणि गाडीला हवी असलेली वीस मिनिटं तिला मिळतात. मोजा आपला असला की तो आधीच्या गाडीच्या चाकावर फिरलेला नाही याची खात्री असते. घरी आल्यावर तो साध्या पाण्यात खळबळून, उलटा करून वाळत घालावा, आणि वाळल्यावर झटकून बोटांनी चाचपून बघावा, आत कुठे कच राहिली आहे का ते.